पिंजीच्या केसांचं माप

मापकाका आयुष्यभर वजनमापे खात्यात निरीक्षक होते. बाजारात ते दिसले की निम्मे दुकानदार तराजू पुसायला लागत आणि उरलेले निम्मे जेवायला जात. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी घरात आलेली साखर ते पुन्हा मोजत. कोणी गोड बोललं की त्यांना आधी शंका यायची आणि मग आनंद व्हायचा, झालाच तर. बायकोनं हा स्वभाव चाळीस वर्षं सोसला आणि गेल्या वर्षी जाताना आपली लाडकी सशीण त्यांच्या गळ्यात बांधून गेली.

पिंजी तिचं नाव. राखाडी, लांब केसांची. बसली की पुढचं टोक कुठलं आणि मागचं कुठलं, ते कान हलल्याशिवाय कळत नसे. केस गाळायचा मोसम आला की ते घरभर उडत, चहात पडत, फोटोंना चिकटत. त्याचं काकांना काही नव्हतं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "रोज विंचरलं नाही तर ती स्वतःला चाटते आणि केस पोटात जातात. पोट अडलं की खाणं बंद, आणि खाणं बंद झालं की ससा दोन दिवस काढत नाही. तुम्हाला जमत नसेल तर मोसमभर इथे ठेवा."

"न जमायला काय झालं?" काका म्हणाले. बायकोनं जीव लावलेली पिंजी परक्या पिंजऱ्यात ठेवायची, हे त्यांच्या गळी उतरणारं नव्हतं.

म्हणून रोज सकाळी आंघोळ झाली की ते मांडीवर टॉवेल अंथरत, त्यावर पिंजीला घेत आणि विंचरत. निघालेले केस आपल्या जुन्या पितळी तराजूत घालून बघत, कारण सवय. पहिल्या आठवड्यात रोज सात ग्रॅम भरले. मग पाच. मग तीन.

तिथे शंकेची पाल चुकचुकली. मोसम संपला म्हणावं तर सोफ्यावर केस होते तेवढेच. पोटात जातात म्हणावं तर पिंजी गवताचा फडशा पाडत होती, आणि तिच्या लेंड्या काकांनी जातीने तपासल्या होत्या. त्यात काही खोट नव्हती. मग केस जात होते कुठे? काकांच्या मते उत्तर एकच होतं. माल मधल्यामध्ये लंपास होत होता.

घरात माणसं तीन. मुलाला सशाच्या केसांनी शिंका यायच्या, तो पिंजीपासून चार हात लांबच असे. उरली सून.

सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती. मोसमाच्या सुरुवातीलाच ती म्हणाली होती, "बाबा, एकदा डोळे तपासून घ्या ना." काकांनी तेव्हाच ताडलं होतं की हिला गिऱ्हाईक हवंय. रस्त्यापलीकडची पाटी त्यांना अजून लख्ख वाचता येत होती. आता एकेक गोष्ट जुळायला लागली. तिच्या काळ्या स्वेटरच्या बाहीवर राखाडी केस. फोनवर मैत्रिणीशी दबक्या आवाजात, "नाही गं, त्यांना पत्ताच नाही. ते आंघोळीला गेले की उरकून घेते." आणि ती मैत्रीण लोकरीचं विणकाम करायची. म्हणजे पिंजीची लोकर तिकडे चालली होती. नेईनात का, पण घाईत ओढली तर? सशाची कातडी कागदासारखी पातळ, ओढली की फाटते. काकांना जेवण गोड लागेना. सुनेचा राग होताच, पण त्याहून भीती मोठी होती.

त्यांनी आपलं जुनं हत्यार काढलं: अचानक तपासणी. दुसऱ्या दिवशी सकाळी ते टॉवेल खांद्यावर टाकून बाथरूममध्ये गेले, नळ बादलीत सोडला, आणि अनवाणी पावलांनी परत येऊन दाराच्या फटीला डोळा लावला.

सून जमिनीवर बसली होती. पिंजी तिच्या मांडीवर डोळे अर्धे मिटून पसरली होती. चोराच्या मांडीवर कोणी असं पसरत नाही, हे काकांच्या मनात आलं, पण त्यांनी ते बाजूला सारलं. सून केसांवर फुंकर घाली, भांग पडला की मुळाशी दोन बोटांनी केस धरी आणि मगच कंगवा फिरवी, म्हणजे कातडीला ओढ बसत नसे. पुढच्या पायाच्या बगलेत तिची बोटं थांबली.

"ही बघ, कालचीच गाठ," ती हळूच पिंजीला म्हणाली. "आजोबांना दिसलीच नाही. मागची सोडवली तेव्हा खाली लाल झालं होतं ना? गप राहा. त्यांना स्वतःला हे जमत नाही असं कळलं, तर ते आपणहून तुला डॉक्टरीणबाईंकडे सोडून येतील, आणि मग रिकाम्या टॉवेलकडे बघत बसतील दिवसभर."

काकांनी स्वतःचा पंजा डोळ्यांसमोर धरला. बोटं धूसर दिसली. कधीपासून तशी दिसत होती, कोण जाणे. त्यांना फार लाज वाटली.

सुनेनं निघालेले केस पिशवीत भरले. भरता भरता त्यातले मूठभर बाजूला काढले, बोटांनी मोकळे केले आणि पिंजीच्या पाठीवर वरच्यावर पसरून ठेवले, विंचरणाऱ्याला पहिल्याच हाताला मिळावेत असे.

बादली भरून वाहायला लागली होती. काका आत गेले.

आंघोळ करून ते आले तेव्हा सून भांडी विसळत होती. काकांनी टॉवेल अंथरला, पिंजीला घेतलं, कंगवा फिरवला. पुंजका अलगद निघून आला. त्यांनी तो तराजूत ठेवला. खोट्या मापाला त्यांनी आयुष्यात माफी दिली नव्हती. सख्ख्या मेव्हण्याच्या दुकानाला त्यांनी स्वतःच्या हाताने कुलूप घातलं होतं.

"किती भरले, बाबा?" सुनेनं पाठमोरीच विचारलं.

काकांनी काटा स्थिर होऊ दिला.

"तीन ग्रॅम," ते म्हणाले. "माप चोख आहे."

त्या दिवसापासून त्यांची आंघोळ दहा मिनिटांनी लांबली.