मॅनेजरची उडवली

सरकारने फिटरकाकांना धोकादायक ठरवलं, त्या दिवशी ते वकीलबाईंच्या ऑफिसात जमिनीवर बसून टेबलाचा डुगडुगणारा पाय घट्ट करत होते. नोटीस मी त्यांना आमच्या भाषेत वाचून दाखवली. आठ दिवसांनी सुनावणी, तिथे पटवता आलं नाही तर देशाबाहेर.

"आधी टेबल तरी सरळ होऊ दे," टेबलाखालून उत्तर आलं.

बाटल्यांच्या कारखान्यात अठरा वर्षं काढलेला हा माणूस. बायको इथेच गेली, मुलगी इथेच शिकली. बाहेरून आलेल्या कामगारांना रजा मिळत नाही म्हणून त्यांनी युनियन उभी केली आणि दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत ते फाटकापाशी खोक्यावर चढून बोलायला लागले. एवढाच काय तो गुन्हा. वकीलबाईंकडे अशी माणसं रोज यायची. फी निम्म्यांची यायची नाही, पण बाई सगळ्यांसाठी सारख्याच तावातावाने भांडायच्या.

आणि मी दुभाषी! लहानपणी आई रस्त्यात आमच्या भाषेत बोलायला लागली की मी दहा पावलं पुढे निघून जायचे, लोकांना वाटावं ही बाई माझी कोणी नाही. घरात 'भूक लागली', 'मोजे सापडत नाहीत' एवढ्यावर भागायचं. बाकीची भाषा सिनेमांतून शिकले, आणि सिनेमांत बहुतेक मारामारीच. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली मी दुभाष्यांच्या फॉर्मवर 'भाषेचं ज्ञान: उत्तम' असं लिहून मोकळी झाले होते.

सुनावणीच्या खोलीत बोलणं टेपवर घेत नाहीत. दुभाष्याने सांगितलं तेच कागदावर राहतं. अधिकाऱ्याने विचारलं, "मॅनेजरशी तुमचं भांडण होतं?"

काका रंगात आले. "तो गाडी आणून फाटकात आडवी लावायचा, आमची सभा होऊ नये म्हणून. मग एका शुक्रवारी आम्ही त्याची अशी उडवली, अशी उडवली, की परत फिरकला नाही!"

मी क्षणभर अडखळले. काय उडवली? गाडी. दुसरं काय असणार? विचारावं असं मनात आलं, पण मग अधिकाऱ्यासमोर माझं 'उत्तम' उघडं पडलं असतं. मी सांगितलं, "यांनी मॅनेजरची गाडी उडवून दिली."

वकीलबाईंचं पेन थांबलं. त्यांनी पाच मिनिटं मागून घेतली आणि आम्हाला बाहेर नेलं. "नीट विचार त्यांना. खरंच?"

"काका, तुम्ही खरंच उडवली?"

"मग! सोडतो की काय!"

"परत उडवाल?"

"समोर आला तर रोज उडवीन," काका हसत म्हणाले.

मी शब्दन् शब्द बाईंना सांगितला. त्या पांढऱ्याफटक पडल्या. "तुझी खात्री आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हो." हे 'हो' आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

हद्दपारीचा हुकूम निघाला आणि काकांना तिथूनच कोठडीत नेलं. जाताना ते गोंधळून म्हणाले, "अहो, एवढ्याशा गोष्टीवरून?" मी तेही इमानेइतबारे भाषांतर करून दिलं.

संध्याकाळी मी आईला सांगितलं. ती भांडी विसळत होती. आधी तिला कळेना, मग ती हसता हसता ओट्यालाच टेकली. "अगं, खिल्ली उडवली! टर उडवली! गाडी कुठून आणलीस तू?" मग माझा चेहरा पाहून तिचं हसू थांबलं. "तू तिथे काय सांगून आलीस?"

त्याच रात्री वकीलबाईंना फोन करायला हवा होता. मी केला नाही. उद्या करू, परवा करू असं करत चार दिवस घालवले. दुभाष्यांच्या यादीतून नाव जाईल, लोक हसतील, हीच भीती. एक माणूस गजाआड आणि मला माझ्या अब्रूची पडली होती! पाचव्या दिवशी आईने विचारलं, "सुटला का गं तो?" मग मात्र मला घरात बसवेना.

वकीलबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला, मी त्यावर कबुली लिहून दिली. पुढच्या सुनावणीत तो मलाच मोठ्याने वाचावा लागला: "मला ही भाषा नीट येत नाही. आरोपीचं वाक्य मला कळलं नव्हतं. मी विचारलं नाही." नव्या दुभाष्याने काकांना सगळं पुन्हा विचारलं. हद्दपारीचा हुकूम रद्द झाला. काका अकरा दिवसांनी बाहेर आले. माझं नाव यादीतून गेलं, ते योग्यच झालं.

दुसऱ्या दिवशी काका ऑफिसात आले. मी त्यांची माफी मागितली. ते हसायला लागले. "गाडी! आम्ही खोक्यावर त्याच्या चालण्याची नक्कल केली, आणि कागदावर गाडीचा स्फोट!" डोळे पुसता पुसता ते थांबले.

"वकीलबाईंचं ठीक आहे, त्यांना तू सांगशील तेच कळणार. पण तू आपल्यातली. तुलाही वाटलं, मी असं करीन?"

खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं. मी म्हटलं, "वाटलं, काका."

काकांनी टोपी उचलली, दारापर्यंत गेले आणि वळले. माझ्याकडे पाहून, एकेक शब्द सुटा करत, परक्याशी बोलावं तसं सावकाश म्हणाले, "पोरी, मी आता घरी जातो. घरी. कळलं ना?"

त्यात टोमणा नव्हता. मला कळावं, एवढीच त्यांना काळजी होती.