दुर्गाबाईंनी न दिलेलं प्रमाणपत्र

३ सप्टेंबर १९५६ रोजी आमच्या शाळेनं एकशे सव्वीस रुपये आठ आणे देऊन एक ग्रामोफोन आणि ‘मनलहरी’ नावाची तबकडी घेतली. देवास गेटजवळच्या त्या मुलींच्या शाळेत मी तेव्हा नवा कारकून होतो.

तबकडीत गाणं नव्हतं. दोन सूर एकदम वाजत आणि त्यांतून वूं-वूं असा हेलकावा येई. विकणाऱ्याचं म्हणणं असं, की मेंदू त्या हेलकाव्यामागे चालू लागतो आणि पंधरा मिनिटांत ध्यान लागतं.

संगीत शिकवणाऱ्या दुर्गाबाई पुणतांबेकरांनी ती एकदा ऐकली. मग तानपुरा मांडीवर घेऊन जोडीच्या तारांपैकी एकीचा सूर जुळवायचा मणी त्यांनी केसभर सरकवला. तोच हेलकावा, हुबेहूब.

“हा हेलकावा तर मी रोज सकाळी तानपुरा लावताना घालवते,” बाई म्हणाल्या. “तेही फुकट.”

“बाईजी, ये विज्ञान है, तानपुरा नहीं,” विक्रेता म्हणाला.

“तो जाँच लेते हैं, भैया. विज्ञान को जाँच से क्या डर?”

बाई अकरा वर्षं हंगामी होत्या. १ नोव्हेंबरला मध्यभारत जाऊन नवं राज्य येणार होतं आणि त्याआधी कायम करायच्या शिक्षकांची यादी जायची होती. ती शाळेचे अध्यक्ष यज्ञेश्वरराव करत होते. नव्या राज्यातल्या शाळांना हीच तबकडी विकण्याचा त्यांचा बेत होता. त्यासाठी त्यांना संगीतशिक्षिकेचं प्रमाणपत्र हवं होतं.

बाईंनी सातवीच्या चाळीस मुली निवडल्या. वीस जणी तबकडी ऐकत बसत. उरलेल्या वीस चित्रकलेच्या खोलीत तेवढाच वेळ डोळे मिटून नुसत्या बसत. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. नंतर सगळ्यांना त्याच दहा बेरजा. असे सहा दिवस. तपासणी माझ्याकडे होती, पण कोणता कागद कोणत्या खोलीतला हे बाई मला सांगत नसत. मी स्वतःही तबकडी ऐकली. मला गुंगी आली. ती मला ऑडिटरच्या भाषणातही येते.

प्रत्येकी बाराशेपैकी तबकडीवाल्यांच्या एक हजार बारा बेरजा बरोबर आल्या, नुसत्या बसलेल्यांच्या एक हजार एकोणीस.

यज्ञेश्वररावांनी बाईंना बोलावलं. कागदपत्रं घेऊन मी तिथंच उभा होतो.

“बाई, दोन ओळी लिहायच्या आहेत. मुलींचं मन लागतं, बस्स.”

“लागतं ना! पंधरा मिनिटं गप बसलं की माकडाचंही लागेल.”

“तबकडीमुळे लागतं, असं लिहा.”

“तसं आकडे म्हणत नाहीत.”

“यादी माझ्या टेबलावर आहे. समझलात ना?”

“समझले. नाव काटायचं तर शाईनं काटा, साहेब. पेन्सिलीचं पुसता येतं. मग रोज तुम्हाला वाटत राहील, बाई अजून ऐकतील.”

बाईंनी एकच ओळ लिहून दिली: ‘शांत बसल्यानं मुलींना फायदा होतो, त्यासाठी तबकडी लागत नाही.’

८ ऑक्टोबरला दुपारी त्यांना कमी केल्याचं पत्र आलं. त्यांनी ते घडी करून पर्समध्ये ठेवलं, शेवटचा तास पूर्ण घेतला आणि तानपुरा खांद्यावर टाकून निघाल्या. तानपुरा त्यांचा स्वतःचा होता.

महिनाअखेरीस मी ऑक्टोबरच्या आठ दिवसांच्या पगाराची पावती घेऊन रामघाटाजवळच्या त्यांच्या घरी गेलो. अध्यक्षांच्या सांगण्यावरून पावतीवर ‘स्वेच्छेनं नोकरी सोडली’ असा मजकूर होता.

“हे कोणी लिहिलं?”

“मीच टाइप केलं, बाई.”

“मग नीट टाइप करून आण. स्वेच्छेनं नाही गेले, काढलं मला. तसं लिही, सही देते.”

“बाई, यादी अजून गेलेली नाही. साहेब म्हणाले, सही दिली आणि त्या दोन ओळी लिहिल्या, तर...”

“चहा घेणार का?” बाईंनी विचारलं.

मी चहा घेऊन परत आलो. अध्यक्षांनी मजकूर बदलू दिला नाही, त्यामुळं सही झाली नाही आणि पगारही दिला गेला नाही. यादी बाईंच्या नावाशिवाय गेली. बाईंनी पुढं पंधरा वर्षं घरी शिकवण्या केल्या. नव्या मुलीला त्या पहिल्या दिवशी पाव तास नुसतं गप बसवत आणि त्याची फी घेत नसत.

रोजचे दोन रुपये, याप्रमाणे ऑक्टोबर १९५६च्या आठ दिवसांचे दुर्गाबाई पुणतांबेकरांचे सोळा रुपये शाळेकडे अजून बाकी आहेत.