फुंकणीची सुई

आमच्या घरी दोन फुंकण्या होत्या. एक माझी, चुलीपाशी असायची ती लोखंडी नळी. दुसरी माझ्या यजमानांची, रंग उडवायची. फोटोवाले तिला एअरब्रश म्हणत. पण हवा फुंकते ती फुंकणी, म्हणून आमच्याकडे तीही फुंकणीच. माझी फुंकणी कोणीही उचलावी. ह्यांच्या फुंकणीकडे मी नुसतं बघितलं, तरी ह्यांच्या मनात पाल चुकचुकायची.

हे अमरावतीला कचेरीत कारकून होते, पण खरा धंदा संशयाचा. धोबी ह्यांचं धोतर आधी स्वतः नेसून मिरवतो आणि मग धुतो, अशी त्यांची पक्की खात्री होती. वऱ्हाड नेमकं कोणाचं, निजामाचं की नागपूरच्या सरकारचं, हेही त्यांना पटलेलं नव्हतं. खरा कागद कुठेतरी दाबून ठेवलाय म्हणत. एकच गोष्ट अशी, की तिच्यापाशी बसले की हा माणूस पोरासारखा खूश असायचा. खोक्यांच्या फळ्या आणि पत्रा कापून ते आगगाडीची हातभर लांब इंजिनं करत. चाकं फिरायची, दांडा हलायचा. ती रंगवायला फुंकणी लागे, कारण कुंचल्याचे ओरखडे त्यांना खपत नसत. फुंकणीला हवा लागे ती मोटारीच्या जुन्या ट्यूबमधली, आणि ट्यूब सायकलच्या पंपाने भरायची मी.

त्यांची पहिली फुंकणी दुकान मोडणाऱ्या एका फोटोग्राफरकडून घेतलेली. रंगाची बाटली खाली लोंबायची आणि फवारा सुपाएवढा. इंजिनाची पाठ झकास रंगे, पण बारीक पट्टा मारायचा म्हटला की सगळं फिसकटलं. माझा थोरला भाऊ अकोल्याला एका फोटोच्या दुकानात बायाबापड्यांच्या फोटोंत रंग भरायचा. त्याच्याकडे दोन फुंकण्या होत्या. त्यातली एक, वरती चिमुकली वाटी असलेली, त्याने दसऱ्याला येताना ह्यांच्यासाठी आणली. सोबत पातूरकडच्या आमच्या शेतातला कापूस. पहिल्या वेचणीला आमच्यात शेतात दहीभात ठेवून सीतादही करतात. त्या दिवशी वेचलेला कापूस माहेराहून दर वर्षी यायचा, आणि त्याच्याच वाती मी दिवाळीला करायची.

दोघांनी रद्दी पसरून दोन्ही फुंकण्यांची परीक्षा घेतली. जुनीची रेघ बोटभर रुंद आणि कडेला पिसारलेली. भावाच्या फुंकणीची केसासारखी. हे हरखले. आणि भाऊ परतीच्या वाटेला लागल्याबरोबर मला म्हणाले, इतकी चांगली वस्तू कोणी फुकट देतं का?

तिथूनच त्या संशयाची सुरुवात झाली.

काही दिवस इंजिनावर पिवळे पट्टे सुरेख उठले. मग फुंकणी थुंकायला लागली. फवाऱ्याच्या मध्येच रंगाचा ठिपका फुटायचा. हिरव्या इंजिनाला देवी आल्यासारखं दिसायला लागलं. ह्यांनी आधी रंग पातळ करायचं टर्पेंटाइन विकणाऱ्याला धरलं, त्याने घासलेट मिसळलं म्हणून. दुसऱ्या दुकानातून आणलं, तरी तेच. रंग मलमलीतून गाळला. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधले. मग मी पंप मारताना जोर चोरते, असं निघालं. मी घामाघूम होऊन पंप मारत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, घ्या हा पंप, आणि मारा तुम्हीच. त्यांनी मारला. फुंकणी थुंकलीच.

शेवटी त्यांनी दोन्ही फुंकण्या पुन्हा शेजारी ठेवल्या. तोच रंग, तीच हवा, तेच हात. जुनी बरी चालते आणि नवी थुंकते. म्हणजे खोट नवीतच. नवीत नाजूक काय, तर नळीतून आरपार जाणारी सुई. तीच पुढेमागे होऊन रंग सोडते. भावाने दसऱ्याला असली सुई दाखवली आणि जाताना नकली घालून गेला, असा त्यांनी निकाल दिला. मी विचारलं, कशासाठी? तर म्हणाले, तेच शोधायचंय.

अकोल्याला जाणाऱ्या कचेरीतल्या एकाजवळ त्यांनी निरोप दिला, की असली सुई घेऊन येणार असाल तरच भाऊबीजेला या. हे मला निरोप गेल्यावर कळलं. आईबाप गेल्यावर मला माहेर म्हणून तो एकच होता. वर्षातून त्या एका दिवशी तो माझ्या पाटावर बसायचा. मी खूप रडले, आणि रडून झाल्यावर मला ह्यांचा मनापासून राग आला.

दिवाळीच्या तोंडावर दुपारी ओसरीवर वाती वळत बसले होते. हे आले, माझ्यासमोरच्या कापसाची चिमूट घेतली आणि फुंकणीची सुई पुसायला लागले. मी विचारलं, रोज ह्यानेच पुसता? म्हणाले, चांगल्या वस्तूला चांगला कापूस नको? जुनीला फडकं चालतं. वऱ्हाडातला माणूस कानात घालायला कापूस घेईल, जखमेला कापूस घेईल, कुलपाला तेल द्यायलाही कापूसच. त्यात त्यांना वावगं ते काय दिसणार. पण आमच्या कापसाचा धागा आखूड. वाती वळताना तो माझ्या ओल्या बोटांना चिकटून बसतो, झटकला तरी निघत नाही. मी सुई मागून घेतली आणि उन्हात धरली. टोकाला दिसेल न दिसेल अशी कापसाची लव होती. नळीच्या तोंडातून काटा काढायच्या चिमट्याने आणखी निघाली, रंगाने माखलेली. मग जुन्या धोतराच्या फडक्याने सगळं पुसलं, रंग भरला, ट्यूब भरली. रेघ केसासारखी आली.

मला वाटलं, आता म्हणतील, बोलाव त्याला. ते रेघेकडे बघत म्हणाले, "थो कापूस कोनाच्या घरून आला, थे सांग पयले."

मी वाती उचलून आत गेले.

भाऊबीजेला मी पाट मांडला, रांगोळी घातली. भाऊ येईल अशी आशा नव्हती. दुपारच्या गाडीने तो आला. बडनेऱ्याला गाडी बदलतानाची धूळ अंगावर तशीच होती. ओसरीवर चढला आणि खिशातून कागदाची पुडी काढून ह्यांच्या हातात ठेवली. "घ्या जवाईबापू, तुमची सुई," एवढंच म्हणाला. ह्यांनी पुडी उघडून सुई उजेडात धरली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू खटला जिंकला.

मी भावाला पाणी द्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात बोलावलं. कापसाचं सगळं सांगितलं. ती सुई त्याच्या स्वतःच्या फुंकणीतली होती, दुकानात तो रोज वापरायचा तीतली. दुसरी मुंबईहून येईपर्यंत तो फोटो कुंचल्यानेच रंगवणार होता. मी म्हटलं, मी आत्ता बाहेर जाऊन सांगते. त्याने माझा हात धरला.

"म्या सुई बदलली नाई, हे माह्यापरीस कोनाले मालूम हाय? पन हे सुई आनली नसती तं तुह्या पाटावर बसाले भेटलं असतं का मले?"

मी त्याला ओवाळलं. निरांजनात वाती त्याच कापसाच्या होत्या. हे शेजारी बसून कौतुकाने बघत होते, आणि जेवताना त्यांनी त्याला आग्रहाने अनारसा वाढला.

पुढे कित्येक वर्षं, साळ्याने सुई कशी परत आणून दिली, ते हे येणाऱ्याजाणाऱ्याला रंगवून सांगत. मी ऐकून घेत असे, कारण भाऊ दर भाऊबीजेला येत होता. पण ती सुई त्यांनी फुंकणीला कधी लावलीच नाही. पुडीतच ठेवली. इंजिनं त्यांनी नकली ठरवलेल्या आधीच्याच सुईने रंगत राहिली, आणि ती ते न चुकता धोतराच्या फडक्याने पुसत.