टेसीकडून आलेला निरोप

"तुमच्या आतड्यात गाठ आहे, आणि ती चांगली नाही," डॉक्टर म्हणाले. तेव्हा मला काय दिसलं सांगू? त्यांच्या टायवरची छोटी छोटी पिवळी बदकं. एवढी मोठी बातमी कानात शिरत होती आणि मी बदकं बघत बसले होते.

ही ब्रिटनमधल्या कार्डिफची गोष्ट. माझे मिस्टर गेल्यावर मी इथे मुलाकडे, नितीनकडे, राहायला आले. त्याची बायको मॅरिसेल फिलिपिन्सची. दुसऱ्या एका हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डात नर्स आहे. मला ती 'आई'च म्हणते, फक्त शेवटची ई जरा लांबवते.

संडासातून रक्त जात होतं. मी म्हटलं, मूळव्याध असेल, आणि गप्प बसले. तुम्ही असं करू नका, म्हणून आधीच सांगते. वजन उतरलं, साडी कमरेवर ठरेना, तेव्हा नितीनने ओढून जीपीकडे, म्हणजे इथल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, नेलं. मग कोलोनोस्कोपी झाली, म्हणजे मागच्या वाटेने कॅमेऱ्याची नळी घालून आतडं तपासतात. मग बायॉप्सी, म्हणजे गाठीचा कण काढून तपासायला पाठवतात. दुखण्यापेक्षा वाट बघणं वाईट. वेटिंग रूममधली ती निळी खुर्ची मला अजून स्वप्नात दिसते.

डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करून तेवढा भाग काढता येईल. कदाचित स्टोमा करावा लागेल." स्टोमा म्हणजे पोटाला भोक पाडून आतड्याचं तोंड बाहेर काढतात आणि त्याला पिशवी लावतात. मला दरदरून घाम फुटला. मग ते शांतपणे म्हणाले, "द डिसिजन इज युअर्स. पण फार उशीर करू नका."

मी नितीनकडे बघितलं. नितीनने मॅरिसेलकडे बघितलं. मॅरिसेलने भिंतीवरच्या आतड्याच्या चित्राकडे बघितलं.

आता बघा, मी उभ्या जन्मात एवढा मोठा निर्णय एकटीने घेतला नव्हता. आधी वडिलांनी घेतले, मग मिस्टरांनी. मनात म्हटलं, घरात नर्स आहे, ती सांगेल. घरी आल्यावर विचारलं, "मॅरिसेल, तुला काय वाटतं गं? करू का?"

ती हसली. "इट्स अप टु यू, आई. तुम्ही म्हणाल तसं."

नितीनला विचारलं. त्याचं मराठी आता इथल्यासारखं मोडकं झालंय. म्हणाला, "आई, तुझा ऑपरेशन आहे, तूच सांग. आय कान्ट."

इथून माझी खरी भीती सुरू झाली. मला वाटलं, ही नर्स. हिला सगळं कळतं. वॉर्डात ही पेशंटला तोंडावर सांगते, 'उठा, चाला, नाहीतर पाय जाम होईल,' हे मी एकदा तिथे गेले तेव्हा स्वतः ऐकलंय. आणि मला 'करा' म्हणत नाही? म्हणजे करून उपयोग नाही!

त्यात तिची सेवा वाढली. संध्याकाळी पाय चेपायची. आलं घालून त्यांच्याकडची तांदळाची पेज करायची, वरून लसूण तळून घालायची. चव अशी की माझ्या आईची आठवण यावी. पण घास गिळवेना. वाटायचं, शेवटचे लाड चाललेत बाई तुझे. मी तिच्या तोंडाकडे बघत राहायचे, रिपोर्ट वाचावा तशी. तोंडावर फक्त हसू.

हॉस्पिटलातून नर्सचा फोन आला, "तारीख ठेवू का?" मी म्हटलं, "बघू, कळवते." पुन्हा आला, पुन्हा "बघू". तिसऱ्यांदा ती बिचारी स्पष्ट बोलली, "आतडं बंद पडलं तर घाईत ऑपरेशन करावं लागेल, ते जास्त धोक्याचं असतं. पुढच्या शुक्रवारपर्यंत सांगा." तेव्हापासून पोटात जरा कळ आली की वाटायचं, झालं, बंद पडलं.

त्या रविवारी टेसी आली. टेसी मॅरिसेलच्या चर्चमधली, वयाने मोठी, म्हणून मॅरिसेल तिला 'आते' म्हणते. त्यांच्यात आते म्हणजे ताई. मोठा डबा भरून शेवया घेऊन आली आणि माझ्याजवळ सोफ्यावर बसली. मॅरिसेल लगेच स्वयंपाकघरात गेली, पातेलं घासायला. नळ सोडलेला.

टेसी आधी हवेबद्दल बोलली. मग माझ्या शालीबद्दल. मग म्हणाली, "माझ्या ओळखीच्या एक बाई होत्या. तुमच्याच वयाच्या. आतड्याचं ऑपरेशन झालं, पिशवी लागली. काही महिन्यांनी डॉक्टरांनी पिशवी काढली. आता बिंगो खेळायला जातात आणि आम्हाला जिंकू देत नाहीत, चोर कुठच्या!"

मी हसले. ती हळूच पुढे म्हणाली, "त्या बाईंच्या घरी एक मुलगी होती. तिला फार वाटायचं, आईंनी ऑपरेशन करावं. चर्चमध्ये रोज मेणबत्ती लावायची, रडायची. पण मोठ्या माणसाला 'असं करा' कसं सांगणार? ते आपण सांगायचं नसतं."

नळ चालूच होता. एक पातेलं घासायला किती वेळ लागतो?

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अहो, हे मला माहीत होतं! माझं लग्न ठरताना वडिलांनी मला एका शब्दाने विचारलं नव्हतं. मामी माझ्याजवळ गवार निवडायला बसली आणि म्हणाली, "एक मुलगी आहे, तिला साताऱ्याचं स्थळ आलंय. मुलगा उंच आहे पण बोलत नाही. त्या मुलीला काय वाटेल गं?" मी गवारीची शीर ओढत म्हटलं, "त्या मुलीची हरकत नसेल." झालं, ठरलं! आणि वडील तेव्हा पलीकडच्या खोलीत कधीचं तेच वर्तमानपत्र वाचत होते.

मी टेसीला विचारलं, "त्या बाई घाबरल्या होत्या?"

"खूप."

"मग त्या मुलीला सांग, बाई तयार आहेत. पण ऑपरेशनच्या दिवशी तिने हात सोडायचा नाही. आणि बाईंना वाटलं होतं, मुलगी बोलत नाही म्हणजे आशाच नाही."

स्वयंपाकघरात पातेलं पडलं. मॅरिसेल ओल्या हातांनी आली, माझ्या गुडघ्यांवर डोकं ठेवून रडली. "नो, आई, नो! वॉर्डात मी नर्स. इथे तुम्ही आई. मी सांगितलं आणि काही झालं असतं तर?"

सोमवारी फोन मीच केला.

भीती गेली असं समजू नका. ट्रॉलीवरून ऑपरेशनला नेताना छतावरचे दिवे एकामागून एक सरकत होते आणि मी देवाचं नावसुद्धा विसरले. दारापर्यंत मॅरिसेलचा हात हातात होता. पुढे तिला येऊ देत नाहीत. जाग आली तेव्हा पोटाला पिशवी होती. मी तोंड फिरवलं. पहिल्यांदा ती मॅरिसेलने बदलली, बाळाचं करावं तसं. गाठीबरोबर काढलेल्या ग्रंथींचा रिपोर्ट येईपर्यंत पुन्हा तीच निळी खुर्ची, पुन्हा तोच घाम. डॉक्टर म्हणाले, "ग्रंथींमध्ये पसरलेलं नाही." मी त्यांना ते तीनदा म्हणायला लावलं. पुढे पिशवीही निघाली. तपासणीला अजून जाते, आणि आदल्या दिवशी अजून जेवण जात नाही.

ज्यांच्या घरी असं कोणी गप्प बसलंय, त्यांना एवढंच सांगते. त्या गप्प बसण्याचा अर्थ एकट्याने लावू नका. थेट विचारून उत्तर येत नसेल तर मध्ये एक माणूस घाला. पण लवकर घाला, आजार थांबत नाही.

मॅरिसेलचे आभार मानायचे होते. तोंडावर मानवेनात, आमच्यात सुनेला कोण थँक यू म्हणतं! मग टेसी आली, मॅरिसेल पुन्हा नळ सोडून भांडी घासायला गेली, तेव्हा मी जरा मोठ्यानेच म्हटलं, "टेसी, त्या मुलीला सांग, तिच्यामुळे त्या बाई आज इथे बसल्यात."

नळ बंद झाला.

मग आतून आवाज आला, "आते, त्या बाईंना सांग, पेज गार होतेय."