टोणगा

मोगऱ्याच्या उदबत्तीचा वास आला की सांगलीतल्या आमच्या कचेरीतला पहिला कॉम्प्युटर आठवतो, कारण रोज सकाळी ओवाळल्याशिवाय त्याला कुणी चालू करत नसे. काळ्या पडद्यावर लांबलचक आज्ञा टाइप कराव्या लागत. महिन्याभरात कायम होणार असलेल्या, आटपाडीकडच्या टायपिस्ट बाई म्हणाल्या, "आवं, एवढा मंत्र कसा ध्यानात ऱ्हायचा?" मी त्यांना एका शब्दाची युक्ती करून दिली. इंग्रजी अक्षरांत 'टोणगा' लिहिलं, की साहेबांच्या पत्रांची फाइल उघडायची. टोणगा हे साहेबांना आम्हीच ठेवलेलं नाव. बाई तोंडाला पदर लावून हसल्या. एक दिवस साहेब त्यांच्या मागे येऊन उभे राहिले. "हे काय लिहिलंत?" बाई घाबरून खरं तेच बोलल्या, "टोणगा, साहेब. त्याबिगर तुमची पत्रं निघत न्हाईत." "कुणी शिकवलं?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी प्रिंटरचा कागद सरळ करत राहिलो. "माझं मीच," त्या म्हणाल्या. आठवड्याभरात त्यांना घरी पाठवलं. हा किस्सा मी आजही लग्नाच्या पंगतीत हावभावांसकट रंगवतो, फक्त 'तुमची पत्रं निघत न्हाईत' इथेच थांबतो. लोक पोट धरून हसतात.