खोलीची शांतता

चित्रीकरण संपले तरी लगेच कोणी हलायचे नाही, अशी आमच्या वर्गाची शिस्त आहे. सगळ्यांनी अर्धा मिनिट गप्प उभे राहायचे आणि खोलीची शांतता ध्वनिमुद्रित करायची. पुढे संकलनात संवादांमधल्या मोकळ्या जागा तिनेच भरतात. निवृत्तीनंतर चित्रपटाच्या पदव्युत्तर वर्गात आलेली मी, या मुलांत आपले काय काम, असे वाटून अभ्यासक्रम सोडायचे मनाशी ठरवून बसले होते. माझ्या श्वासाचा अडथळा नको म्हणून मी हळूच दाराकडे वळले.

"काकू, कुठे निघालात?" हेडफोन लावलेली सानिका ओरडली. "तुम्ही गेलात तर आवाज बदलेल ना!"

"अगं, मी कुठे काही बोलतेय?"

"तरी बदलतो. माणूस आवाज शोषून घेतो. उभ्या राहा बरं गप्प!"

मी उभी राहिले. लांब कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. सानिकाने कपाळाला हात लावला आणि पुन्हा सुरुवात केली. मी असताना ही शांतता कशी ऐकू येत असेल, आणि मी नसताना कशी? ध्वनिमुद्रण संपताच मी संकोचत तिच्यापाशी गेले.

"सानिका, जरा मला ऐकव. आणि मग मी बाहेर जाते, तेव्हाचीही घे."