हाताचा गिअर

पुनावळ्यात त्या काळी फटफटी एकच होती, आणि ती ज्याच्या दारात उभी असे त्या सयाजीला उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता.

लढाईच्या दिवसांत सयाजी मराठा पलटणीबरोबर इटलीत होता. काम टपालाचं. एका छावणीचा निरोप दुसऱ्या छावणीत पोचवायचा, तोही फटफटीवरून, मग वाटेत चिखल असो की बर्फ. वर्षभर त्यानं ते काम केलं. चव्वेचाळीस साली दसऱ्याच्या सुमाराला एका पुलाच्या तोंडाशी रस्त्यात पुरलेला सुरुंग उडाला. गाडी गेली, पाय गेला, सयाजी राहिला.

पुण्याच्या फौजी इस्पितळात त्याला लाकडी पाय मिळाला. चामड्याच्या पट्ट्यांनी तो मांडीला आवळायचा. सहा महिन्यांत सयाजी चालायला लागला, वर्षभरात नांगर धरायला लागला. बांधावरून चालताना तो जरा उजवीकडं कलायचा एवढंच. गावानं कौतुक केलं, मग सवय झाली, मग कुणाच्या ते ध्यानातही राहिलं नाही.

पन्नास सालानंतर देहूरोडच्या डेपोतून लष्करातल्या जुन्या गाड्या लिलावात निघू लागल्या. तिथल्या बाजारात उद्धवराव नावाचा लातूरकडचा माणूस वेल्डिंगचं दुकान चालवायचा. त्याला ट्रकचे सुटे भाग घ्यायचे होते, आणि फौजेतला माणूस बरोबर असावा म्हणून त्रेपन्न साली तो सयाजीला लिलावाला घेऊन गेला. बाभळीखाली गंजलेल्या फटफट्यांची रांग होती. त्यात एक बीएसए होती, सयाजीनं इटलीत चालवलेल्या गाडीच्याच जातीची. मागचं चाक नव्हतं, सीटवर कोंबडीनं घर केलेलं. सयाजीनं टाकीवर हात ठेवला तो बराच वेळ उचललाच नाही. उद्धवरावाचे ट्रकचे भाग राहिले बाजूला. संध्याकाळी बैलगाडीतून फटफटी पुनावळ्याला आली.

पुढचं दीड वर्ष सयाजी शेतातून आला की गाडीशी बसायचा. चाक मिळवलं, सीटला नवं चामडं चढवलं, रंगसुद्धा डेपोतलाच, लष्करी हिरवा, शोधून आणला. इटलीतल्या गाडीचा नंबर त्याला पाठ होता. तो त्यानं पांढऱ्या रंगात टाकीवर काढला. इतका हुबेहूब, की देहूरोडचा एक हवालदार बघायला आला तेव्हा आपसूक सरळ उभा राहिला.

दर रविवारी सयाजी गाडी स्टँडवर चढवायचा, उजव्या बाजूला उभा राहून डाव्या पायानं किक मारायचा. इंजिन धडधडायला लागलं की माणसं गोळा व्हायची. पाचेक मिनिटं तो टाकीवर हात ठेवून ऐकत राहायचा. मग इंजिन बंद, वर गोणपाट, आणि गाडी पुन्हा पडवीत.

चालवायचा मात्र नाही. चालवणार कशी? त्या गाडीचा गिअर उजव्या पायानं टाकायचा होता. लाकडी पायाला घोटा वळत नाही, बोट कुठं टेकलंय ते कळत नाही. एकदा खळ्यावर त्यानं करून बघितलं. पहिला गिअर पडला, पण पाय पेडलखाली अडकून बसला आणि गाडी त्याला घेऊन थेट कडब्याच्या गंजीत शिरली. कुणी हसलं नाही. त्याचंच त्याला जास्त लागलं. त्यानंतर त्यानं तो विषय सोडून दिला.

अशात एक दिवस सांगवीहून नानासाहेब आले. फौजेतून मेजर म्हणून निवृत्त झालेले, जुन्या यंत्रांचा नाद असलेले गृहस्थ. गाडीची कीर्ती त्यांच्या कानावर गेली होती. तासभर ते गाडीभोवती फिरले, गुडघ्यावर बसून खालून पाहिलं, आणि उठताना म्हणाले, "सयाजी, हिचा एक स्क्रूसुद्धा बदलू नकोस."

"न्हाई साहेब. बदलायचं कशापायी?"

"लोक बदलतात रे. कुणी हँडल वाकवतं, कुणी मागे फळी ठोकून भाजी वाहतं. अजून वीस वर्षांनी अशा गाड्या भंगारात गेलेल्या असतील. कुठेतरी एक तरी जशी होती तशी राहायला हवी. ती तुझ्याकडे राहील."

सयाजीला त्या रात्री जेवण गोड लागलं. गावात तो शेतकरी होता, पाय गेलेला माणूस होता. फौजी म्हणून त्याच्याशी कुणी बोललं त्याला कितीतरी वर्षं झाली होती.

त्याची बायको रंभा तीन म्हशी पाळायची. दूध घागरीत घालून डोक्यावरून चिंचवडला न्यायची. पंचावन्न साली पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना सुरू झाला, माणसं वाढली, आणि पुढच्या वर्षी तिथल्या खानावळीच्या माणसानं रंभाला विचारलं, "रोज वीस शेर दूध द्याल का? पण सकाळी साडेसहाच्या आत पाहिजे. पहिली शिफ्ट चहा पिऊन आत जाते."

वीस शेर म्हणजे डोक्यावरचं काम नव्हे. बैलगाडी नदीच्या फरशी-पुलावरून फिरून जायची, तिला आठ वाजायचे, आणि चैत्रात आठपर्यंत दूध टिकायचं नाही. तिसऱ्या दिवशी सयाजी गाडी पुसत बसला होता, तिथं येऊन बसली.

"ही पिंपरीला किती येळात जाईल?"

"अर्ध्या तासात. का?"

"किटल्या लावल्या तर?"

सयाजीचा हात थांबला. "रंभा, मला जमत न्हाई ते तुला ठावं हाय."

"तुमाला जमत न्हाई, व्हय. पन गाडीला जमवून घेता येईल का न्हाई?"

"साहेब काय म्हनाले ऐकलंस ना? हिला हात लावायचा न्हाई."

रंभानं पदरानं टाकीवरची धूळ पुसली. "तुमचा पाय गेला तवा सरकारनं दुसरा बसवून दिला. तुमी म्हनला का, देवानं दिला व्हता तसा असंल तरच घेईन? माणसाला दुसरा पाय चालतो, आन् गाडीचा एक दांडा हलवला की तिची जात जाती व्हय?"

सयाजी मनातून रागावला. रंभावर नव्हे, तिचं बोलणं बरोबर होतं म्हणून. गाडी जशी होती तशी राखली की तिच्यावर बसणारा तो दोन पायांचा जवानही कुठंतरी राखला जातो, असं त्याला आतून वाटत आलं होतं. हे तो रंभाला सांगू शकला नाही. पण दोन दिवसांनी गाडी बैलगाडीत घालून तो देहूरोडला गेला.

उद्धवरावानं गाडीभोवती एक फेरी मारली. "सोपं आहे. पूर्वीच्या गाड्यांना गिअर हातानंच टाकायचे. टाकीजवळ लिव्हर बसवतो, खाली रॉड जोडतो. पायाजवळचा पेडल कापून टाकू अन् चेसिसला एक ब्रॅकेट वेल्ड करू."

"कापायचं न्हाई. वेल्डबी न्हाई. पट्टीनं आवळून बसव. उद्या काढायची म्हटली तर काढता आली पायजे."

"पट्टी फिरंल रे."

"फिरू दे. तू बसव."

उद्धवरावानं मान हलवली आणि बसवली. त्या दुपारी देहूरोडच्या बाजारामागच्या मैदानात सयाजी फटफटीवर बसला. डाव्या हातानं क्लच दाबला, उजव्या हातानं लिव्हर पुढं ढकलली. गाडी निघाली. लिव्हर मागं ओढली, दुसरा गिअर पडला. मग तिसरा. मैदान संपलं तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आपण श्वास घेतलेला नाही. वळून परत आला तर उद्धवराव चष्मा पुसत उभा.

"काय झालं?" सयाजीनं विचारलं.

"धूळ उडवायलास, दुसरं काय?"

तिथून पुनावळ्याला तो बैलगाडीतून आला नाही.

तीन दिवस दूध वेळेवर पोचलं. चौथ्या दिवशी नदीच्या उतारावर सयाजीनं गिअर उतरवायला लिव्हर ढकलली, तर लिव्हरबरोबर पट्टीच गर्रकन फिरली. गिअर कुठंच बसेना. मागच्या चाकाला ब्रेक लावेपर्यंत गाडी फरशीवरून घसरली आणि किटल्यांसकट पाण्यात गेली.

चैत्रातली नदी, पाणी पोटरीएवढं. सयाजी कमरेपर्यंत भिजून गोट्यांत बसला. लाकडी पायाची पट्टी सुटली होती, पाय दोन हातांवर दगडाला अडला होता. भोवती पाणी पांढरं झालं होतं. पलीकडं कपडे धुणाऱ्या कौशल्याबाई नावाच्या म्हातारीनं लुगडं खोचून पाय उचलून आणला. "लागलं का रं?" तिनं विचारलं.

सयाजीनं अंग चाचपलं. कोपर खरचटलं होतं. बाकी काही नाही. बारा वर्षं तो एका पडण्याला भीत होता. झोपेत दचकून उठायचा ते इटलीतल्या त्या पुलाच्या तोंडाशी आणि सुरुंगाच्या त्या आवाजाला. आणि आता खरंच पडला होता, आणि बाई पाय हातात घेऊन उभी होती, आणि सकाळ झाली होती. त्याला हसू फुटलं. म्हातारीला वाटलं डोक्याला मार लागला.

त्याच दिवशी गाडी ढकलत, लोकांचा हातभार घेत, तो उद्धवरावाकडं पोचला.

"वेल्ड कर," तो म्हणाला. "पेडल काप. मागं किटल्यांना लोखंडी घोडीबी बसव, चांगली जाड."

"नक्की?"

"आता इचारू नको."

टाकी उतरवून उद्धवरावानं ब्रॅकेट वेल्ड केली. टाकी परत चढवली तेव्हा ती ब्रॅकेट नेमकी टाकीवरच्या नंबरावर आली आणि शेवटचे दोन आकडे झाकले गेले. उद्धवराव म्हणाला, "नंबर जरा पुढं सरकवून रंगवून देऊ का?"

सयाजीनं थोडा वेळ बघितलं. "राहू दे. त्या नंबराची गाडी तिकडंच राहिली. ही दुसरी हाय."

एक गोष्ट मात्र त्याला टोचत होती. नानासाहेबांना दिलेला शब्द. त्यांच्या कानावर दुसऱ्या कुणाकडून जाण्यापेक्षा आपणच जावं म्हणून एका रविवारी तो फटफटीवरून सांगवीला गेला. नानासाहेब फाटकात आले. कापलेला पेडल, वेल्डिंगचा डाग, किटल्यांची घोडी, सगळं त्यांनी पाहिलं. चेहरा उतरला.

"मी असतो तर केलं नसतं," ते म्हणाले.

"साहेब, तुमचे दोन्ही पाय हायत."

नानासाहेब म्हणाले, "बरोबर आहे. तरी वाईट वाटतं, ते खोटं कशाला सांगू." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "कापलेला पेडल टाकलास का?"

सयाजीनं खिशातून फडक्यात बांधलेला पेडल काढून त्यांच्या हातावर ठेवला. तो त्यांच्यासाठीच आणला होता. नानासाहेबांनी तो आत नेऊन ठेवला, बाहेर आले आणि म्हणाले, "आता चालवून दाखव." सयाजीनं त्यांना मागं बसवून औंधच्या पुलापर्यंत नेऊन आणलं. उतरल्यावर त्यांनी लिव्हर दोनदा मागं-पुढं करून पाहिली आणि "फार हलकी चालते" एवढंच म्हणाले.

दूध पोचत राहिलं. म्हशी तिनाच्या पाच झाल्या. घागरी वाहून जडलेलं रंभाच्या मानेचं दुखणं पावसाळ्यापर्यंत गेलं. दिवाळीला ती पहिल्यांदा फटफटीवर बसून माहेरी चाकणला गेली. भावजयीनं विचारलं, भ्या नाही वाटलं का? रंभा म्हणाली, "वाटलं की. म्हनून तर डोळं उघडं ठेवलं."

सत्तावन्नच्या उन्हाळ्यात एक माणूस पत्ता विचारत पुनावळ्यात आला. सोनबा त्याचं नाव. पुण्याच्या गिरणीत यंत्राच्या पट्ट्यात सापडून उजवा पाय गेलेला, लाकडी पायाची अजून सवय न झालेला. त्याच्याकडं नानासाहेबांची चिठ्ठी होती. तीत एकच ओळ होती, की ह्याला तुझी गाडी दाखव.

सयाजीनं दाखवली. कुठं काय कापलं, रॉड कसा जोडला, पट्टी का चालत नाही, सगळं सांगितलं. सोनबा ऐकत होता, पण त्याची नजर सीटवर होती.

"बसून बघायचं?" सयाजीनं विचारलं.

"पडलो तर?"

"मी पडलोय. काय न्हाई होत. हितं खळ्यावर तर भुसाच हाय."

सोनबानं काठी रंभाच्या हातात दिली आणि सयाजीच्या खांद्याचा आधार घेत गाडीवर चढला. सयाजीनं किक मारली, गाडी स्टँडवरून उतरवली आणि डाव्या हातानं मागची घोडी घट्ट धरली.

"क्लच दाब. आता लिव्हर पुढं. घाई नको. सोड हळू."

गाडी हलली. सयाजी तिच्याबरोबर कलत कलत चालू लागला, मग जरा भराभर. खळ्याच्या मध्यावर त्यानं हात सोडला. सोनबाला ते कळलं नाही.